तेल पूर्ण बंद केल्यापासून वडील उदास झाले आहेत. आहारातील स्निग्ध पदार्थांचा मनाशी संबंध असतो का?

अबोली (प्रश्न)

माझे वडील 66 वर्षांचे आहेत. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर ते आणि आई बार्शी तालुक्यातील आमच्या गावीच राहतात. धाकटा भाऊ आणि भावजयही त्यांच्याजवळ असतात. मागील वर्षी श्रावणात वडिलांच्या छातीत दुखू लागले, त्यांना सोलापूरला न्यावे लागले आणि तेथे ॲन्जिओप्लास्टी करून दोन स्टेंट बसवण्यात आले. घरी सोडताना डॉक्टरांनी तेल-तूप बेताने खाण्यास सांगितले होते. परंतु भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी आपण तेलाचा थेंबही न घेता कसे ठणठणीत झालो याचे सविस्तर वर्णन केले आणि दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी तेल पूर्णपणे सोडले.

आई त्यांच्यासाठी कोरड्या कढईत जिरे-मोहरी भाजते, त्यावर पाणी ओतून भाजी शिजवते आणि इतरांसाठी वेगळी फोडणी करते. आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी उखळात कुटतात आणि कुटता कुटता तिला तेल सुटले की ती झाली असे समजतात. ती वडिलांची अत्यंत आवडीची होती, पण तिचे तेल बोटांना लागते म्हणून त्यांनी तीही बंद केली.

दहा महिन्यांत त्यांचे वजन 11 किलोने उतरले. सुरुवातीला सर्वांना समाधान वाटले, परंतु गेल्या तीन-चार महिन्यांपासून ते फारसे बोलत नाहीत. पहाटे तीनला जागे होतात आणि पुन्हा झोपत नाहीत. संध्याकाळच्या हरिपाठाला जाणे त्यांनी सोडले आहे. फोडणीचा वास नको म्हणून ते साडेसहालाच एकटे जेवून घेतात आणि आम्ही पंगतीला बसतो तेव्हा ओसरीवर अंधारात बसून असतात. ‘आता माझे काय काम राहिले आहे’ असे ते आईला दोनदा म्हणाले.

आतेभावाचे म्हणणे असे की मेंदू चरबीचाच बनलेला असतो, म्हणून त्यांना रोज दोन चमचे साजूक तूप द्यावे. धाकट्या भावाने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणल्या आणि ताकदीच्या गोळ्या म्हणून चालू केल्या. वडील चाळीस वर्षांपासूनचे माळकरी आहेत आणि त्यांना हे ठाऊक नाही. ही गोष्ट माझ्या मनाला फार लागून राहिली आहे. तेल बंद केल्याने मन खरोखरच उदास होते का, आणि ते पुन्हा सुरू केल्याने फरक पडेल का? कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळेही असे होते, असे एकांनी सांगितले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निशिगंध

अबोलीताई, मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. तेलाच्या प्रश्नाकडे येण्याआधी तुम्ही ओझरते लिहिलेल्या एका वाक्याबद्दल बोलणे मला आवश्यक वाटते. ‘आता माझे काय काम राहिले आहे’ हे उद्गार, पहाटेची जाग, हरिपाठ सोडणे आणि घटलेले वजन या साऱ्या गोष्टी एकत्र पाहिल्या, तर वडिलांना नैराश्याचा आजार झाला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यांना या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवावे. ‘जगणे नकोसे वाटते का, जीव द्यावासा वाटतो का’ हे त्यांना शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्यामुळे तो विचार मनात शिरतो ही भीती खरी नाही; उलट अनेकांना कोणीतरी विचारल्याने मोकळे वाटते. घरात शेतीच्या फवारणीची औषधे असतील तर ती आजच दुसरीकडे हलवून कुलपात ठेवावीत. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या साधारण पाच रुग्णांपैकी एकाला नैराश्याचा आजार होतो, आणि ज्यांना तो होतो त्यांच्या हृदयाचा धोकाही वाढतो. म्हणजे तुमच्या वडिलांनी तेल सोडले नसते तरीही हा आजार त्यांच्या वाट्याला येऊ शकला असता. शिवाय नैराश्यात भूक मरते आणि जेवणाची चव जाते, त्यामुळे कमी खाणे हे उदासीचे कारण आहे की तिचा परिणाम, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. आहार आणि मन यांच्याविषयी छापून येणाऱ्या बऱ्याचशा दाव्यांमध्ये नेमकी हीच गल्लत झालेली असते.

मेंदूचा पाण्याव्यतिरिक्तचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध द्रव्यांचा असतो, हे तुमच्या आतेभावाचे म्हणणे बरोबर आहे. मात्र त्यावरून खाल्लेले तूप मेंदूत जाऊन बसते असा निष्कर्ष निघत नाही. मेंदू स्वतःला लागणारे कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो, कारण रक्तातील कोलेस्टेरॉलला मेंदूभोवतीची आडकाठी ओलांडता येत नाही. बाहेरून ज्यांचा पुरवठा व्हावा लागतो ती आवश्यक मेदाम्ले, म्हणजे स्निग्ध पदार्थांचे मूळ घटक, असतात, त्यांपैकी डीएचए हे मेंदूच्या पेशींच्या आवरणात मोठ्या प्रमाणात आढळते, आणि ते तुपात जवळजवळ नसते.

कोलेस्टेरॉलच्या गोळीविषयीची शंका अगदीच निराधार नाही, तिला इतिहास आहे. 1990 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या जुन्या प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात हृदयविकाराचे मृत्यू घटले, पण अपघात, आत्महत्या आणि हिंसा यांमुळे होणारे मृत्यू वाढल्याचे दिसले, आणि जगभरात काळजी पसरली. त्यानंतर स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांचे हजारो रुग्णांवर मोठे प्रयोग झाले आणि त्यांत ही वाढ आढळली नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाने स्टॅटिनची गोळी स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे, म्हणून ती कृपया चालूच ठेवा.

माशाच्या तेलाचा प्रयोग तर तुमच्या वडिलांसारख्याच रुग्णांवर झालेला आहे. हृदयाच्या धमन्यांचा विकार आणि नैराश्य हे दोन्ही असलेल्या 122 रुग्णांना अमेरिकेत नैराश्यावरील सर्ट्रालीन हे औषध देण्यात आले. त्यांपैकी निम्म्यांना सोबत ओमेगा-3, म्हणजे माशाच्या तेलातील मेदाम्लांच्या, कॅप्सूल आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या मक्याच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. नैराश्य येऊच नये म्हणून पन्नाशीपुढील 18,353 व्यक्तींना सुमारे पाच वर्षे रोज एक ग्रॅम माशाचे तेल किंवा बिनऔषधी कॅप्सूल देऊन केलेल्या मोठ्या अभ्यासातही, ज्याचे निष्कर्ष 2021 साली आले, फायदा दिसला नाही. आधीच नैराश्य असलेल्या काही रुग्णांना ईपीए हे मेदाम्ल अधिक असलेल्या कॅप्सूलचा औषधासोबत थोडा उपयोग झाल्याचे काही प्रयोग सांगतात; त्यांना मी औषधाची जोड मानतो, औषधाचा पर्याय मानत नाही.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 जीवनसत्त्व यांची तपासणी अवश्य मागा. पुण्यातील 441 मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत 67 टक्के लोकांमध्ये बी-12 कमी आढळले होते. वर्षानुवर्षे शाकाहारी असलेल्या माणसाच्या बाबतीत ही तपासणी मी तेलाच्या प्रश्नाच्या आधी करीन.

पालवी

मी आहारतज्ज्ञ आहे आणि गेली चौदा वर्षे हृदयरुग्णांना घरी जाताना आहार समजावून सांगण्याचे काम करते. निशिगंध यांनी सांगितलेला क्रम मला पूर्णपणे मान्य आहे. तेल बंद करणे या प्रकाराबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिते, कारण असे वडील मला दर आठवड्याला भेटतात.

तेलाचा थेंबही नको ही कल्पना कोठून आली हे पाहिले तर बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात. डीन ऑर्निश या अमेरिकी डॉक्टरांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हृदयरुग्णांना रोजच्या उष्मांकांपैकी केवळ 10 टक्के स्निग्धांशातून मिळतील असा शाकाहार दिला होता आणि त्यांच्या धमन्यांमधील अडथळे काही प्रमाणात कमी झाले होते. परंतु त्याच कार्यक्रमात व्यायाम, योगासने व ध्यान, धूम्रपान सोडणे आणि रुग्णांनी नियमितपणे एकत्र बसून मन मोकळे करणे या गोष्टीही होत्या. आपल्याकडे आपण त्यातले फक्त तेल काढून टाकणे उचलले. तुमचे वडील तर उलट हरिपाठाची बैठक आणि घरची पंगतही सोडून बसले आहेत. जे लोक त्या आहारावर आनंदी राहिले त्यांच्याजवळ जे होते, नेमके तेच वडिलांच्या हातून सुटले आहे.

तेल कमी केल्याने मनःस्थिती बिघडते का, याची दोन उत्तरे मिळतात आणि ती दोन्ही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका लहान प्रयोगात 20 निरोगी व्यक्तींपैकी निम्म्यांचा आहार महिनाभर 41 टक्के स्निग्धांशावरून 25 टक्क्यांवर आणला, तेव्हा त्यांच्यातील राग आणि चिडचिड वाढल्याचे दिसले. याउलट ऑस्ट्रेलियात वजन जास्त असलेल्या 106 जणांना वर्षभर एकतर कमी पिष्टमय किंवा कमी स्निग्ध आहार दिला. दोन्ही गटांचे वजन सारखेच उतरले, परंतु मनःस्थितीतील सुधारणा कमी स्निग्ध आहाराच्या गटात टिकून राहिली. त्या कमी स्निग्ध आहारातही सुमारे 30 टक्के उष्मांक स्निग्धांशातूनच येत होते. म्हणून तेल बेताने खाल्ल्यामुळे मन बिघडते असे मी म्हणणार नाही. मात्र बेताने खाणे आणि अजिबात न खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेवणात स्निग्धांश नसेल तर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत, पोट भरल्याचे समाधान मिळत नाही आणि शरीराला स्वतः बनवता न येणारी मेदाम्ले कमी पडू लागतात. दहा महिन्यांत 11 किलो वजन उतरलेल्या, 66 वर्षांच्या माणसाच्या वजनात चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात, आणि स्नायू गेले की देवळापर्यंत चालत जाण्याचाही कंटाळा येतो.

पूर्ण आहारात बदल करून नैराश्यावर काय परिणाम होतो हे पाहणारा 2017 सालचा ऑस्ट्रेलियातील प्रयोग मला सर्वांत उपयोगी वाटतो. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या 67 रुग्णांपैकी एका गटाला बारा आठवडे आहारतज्ज्ञांनी भूमध्य सागराच्या परिसरातील पद्धतीचा आहार समजावला, ज्यात ऑलिव्ह तेल, कडधान्ये, भाज्या, कवचाची फळे आणि मासे होते, तर तळलेले व गोड पदार्थ कमी केले होते. दुसऱ्या गटाशी तेवढाच वेळ केवळ गप्पा मारल्या. पहिल्या गटातील सुमारे 32 टक्के आणि दुसऱ्या गटातील 8 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. प्रयोग लहान होता, आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना कळत होते आणि बहुतेकांची औषधे किंवा समुपदेशन चालूच होते. तरीही मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की त्या लोकांचे ताट रिकामे केले नव्हते. त्यात तेल होते, दाणे होते, चव होती.

आपल्या घरात याचे रूप असे करता येईल. हृदयरोगतज्ज्ञांची संमती घेऊन वडिलांसाठी दिवसाला चहाचे तीन ते चार चमचे तेल ठरवावे, म्हणजे सुमारे 14 ते 18 ग्रॅम. आईने सकाळी तेवढे तेल एका वाटीत काढून ठेवावे आणि दिवसभराची फोडणी त्यातूनच करावी. वेगळी भाजी करणे बंद करून सर्वांनीच बेताच्या तेलाची एकच भाजी खावी; घरातील इतरांचेही त्यात हितच आहे. शेंगदाण्याचे तेल असल्यास उत्तम, कारण त्यातील जवळजवळ निम्मी मेदाम्ले ऑलिव्ह तेलात मुख्यत्वे असतात त्याच प्रकारची असतात. ती चटणीही एक चमचा खुशाल द्यावी, फक्त मीठ हात राखून घालावे. साजूक तूप औषध म्हणून देऊ नये. गरम भाकरीला किंवा वरणाला अर्धा चमचा लागला, तर तो त्याच हिशेबात धरावा. बाहेरचे खारी, टोस्ट, फरसाण आणि वनस्पती तुपात बनवलेली मिठाई मात्र खरोखरच टाळावी. स्पेनमधील बारा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत ट्रान्स मेद, म्हणजे वनस्पती तुपासारख्या पदार्थांत असणारा मेद, सर्वाधिक खाणाऱ्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण जास्त आढळले होते आणि हृदयासाठी तर हा मेद निश्चितच वाईट आहे. आपल्याकडे जानेवारी 2022 पासून तेल-तुपातील ट्रान्स मेदावर 2 टक्क्यांची मर्यादा आली आहे, पण एकाच कढईत पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

ओमेगा-3 साठी शाकाहारी घरात जवस आहे. दळलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे दीड ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-3 मेदाम्ल असते आणि दिवसाची गरज तेवढ्यात भागते. शरीर त्यापासून डीएचए फार थोडे बनवते हे खरे आहे. डॉक्टरांना डीएचए किंवा ईपीए द्यावेसे वाटलेच, तर समुद्रातील शैवालापासून काढलेले तेल मिळते. मासेही ही मेदाम्ले मुळात शैवालापासूनच घेतात. फक्त कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे नसून वनस्पतीजन्य आहे, याची खात्री वेष्टनावर वाचून करावी.

कढीपत्ता

मी यवतमाळची गृहिणी आहे. वैद्यकीय ज्ञान नाही, जवसाबद्दल तेवढे सांगते. आमच्या आजीच्या वेळी रोजच्या भाजीला जवसाचेच तेल असायचे, पुढे ते मागे पडले आणि चटणी तेवढी राहिली. अख्खे जवस खाल्ले तर ते तसेच्या तसे पडून जातात, म्हणून ते कुटले पाहिजेत. लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायला घ्या; तडतड सुरू झाली आणि दाणा दोन बोटांत चुरला गेला की लगेच उतरवा, कारण पुढे गेले तर चटणी कडवट होते. लसूण, लाल मिरची आणि मीठ घालून कुटा, आणि एका वेळी आठ दिवसांपुरतेच करा, कारण कुटलेल्या जवसाला लवकर खवट वास येतो. कारळ्याची चटणी दिसायला अशीच काळपट असते आणि चवीला छान लागते, परंतु तिच्यात ओमेगा-3 नसल्यासारखेच असते असे मला आमच्याकडील आहारतज्ज्ञांनी सांगितले होते.

आणखी एक सांगावेसे वाटते. माझ्या यजमानांच्या बायपासनंतर आम्हीही त्यांचे ताट वेगळे केले होते. एके दिवशी त्यांनी विचारले, ‘मला घरात पाहुणा का केले?’ त्या दिवसापासून घरात एकच भाजी शिजते.

अबोली

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार मानते. निशिगंध यांचे उत्तर वाचून मी काल रात्रीच आईशी बोलले आणि भावाने फवारणीच्या बाटल्या चुलत्यांच्या गोदामात नेऊन ठेवल्या. आज मी गावी पोहोचले. वडिलांना थेट विचारण्याचा धीर मला फार कष्टाने झाला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की असे विचार येतात, पण काही करावेसे वाटलेले नाही. सोलापूरच्या मनोविकारतज्ज्ञांची उद्या सकाळची वेळ मिळाली आहे आणि ते यायला तयार झाले आहेत.

कॅप्सूलबद्दल भावाने अजून त्यांना सांगितलेले नाही. खरे कळले तर ते आणखी खचतील असे त्याला वाटते. त्यांना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू आहेत. अशा स्थितीत या कॅप्सूल चालू ठेवाव्यात का?

निशिगंध

तुम्ही विचारलेत हे फार चांगले केलेत. उद्यापर्यंत त्यांना रात्रीसुद्धा एकटे ठेवू नका आणि त्यांनी तुम्हाला जे सांगितले ते उद्या डॉक्टरांना त्यांच्याच शब्दांत सांगा. जीव द्यावा असा विचार बळावत असल्याचे किंवा त्याची काही तयारी केल्याचे दिसले, तर उद्याची वाट न पाहता आज रात्रीच रुग्णालयात न्या.

कॅप्सूल थांबवून उद्या बाटलीसह डॉक्टरांना दाखवा. त्या बंद केल्याने अपाय होत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना, आणि माशाच्या तेलाच्या मोठ्या मात्रांमुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो हे दिसून आलेले असताना, घरच्या घरी त्या देत राहणे योग्य नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन यांना मात्र हात लावू नका. नैराश्यावरील औषध सुरू झाले तर हृदयरोगतज्ज्ञांनाही कळवा, कारण त्यांपैकी काही औषधांनी या गोळ्यांसोबत रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते आणि पोटाची काळजी घ्यावी लागते. सर्ट्रालीन हृदयरुग्णांना देता येते हे 369 रुग्णांच्या 2002 सालच्या प्रयोगातून स्पष्ट झालेले आहे, त्यामुळे औषधाच्या नावाने घाबरू नका.

भावाने सांगावे असे मला वाटते, पण उद्याच नाही. उपचार सुरू होऊन झोप थोडी सुधारल्यावर, तुम्ही शेजारी बसलेल्या असताना. चाळीस वर्षे माळ सांभाळलेल्या माणसाला त्याच्या ताटात काय पडते हे जाणून घेण्याचा अधिकार आहे, आणि पुढे रोजच्या गोळ्या घेताना त्यांना तुमच्या हातावर विश्वास ठेवता आला पाहिजे.

पालवी

अबोलीताई, उद्या सोलापूरहून परतल्यावर संध्याकाळचे जेवण सर्वांनी साडेसहालाच घ्यावे, म्हणजे त्यांना आपली वेळ बदलावी लागणार नाही आणि एकटेही जेवावे लागणार नाही. पहिले काही दिवस तेलाचा विषय काढू नका. फोडणी त्यांच्यासमोर, मोजलेल्या वाटीतून करा. किती तेल पडते ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि वजन दर आठवड्याला लिहून ठेवा.